रोजच्या फिरण्यासाठी एकच झूम लेन्स: कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी पहाटे आम्ही काही जण पंचगंगा घाटावर जमतो आणि कॅमेरे घेऊन गंगावेश, महाद्वार रोड करत पेठांतून चालत सुटतो. "एकच लेन्स घ्यायची तर कोणती?" हा प्रश्न त्या चालण्यात येतो आणि नंतर आठवडाभर फोनवरही येत राहतो. तेच प्रश्न, लोक विचारतात त्याच शब्दांत, इथे एकत्र केले आहेत. सोप्यापासून सुरुवात आहे. ज्यांना मूळ आकडे कळतात त्यांनी सरळ प्रश्न ४ वर जावं.

१. 'ऑल-पर्पज झूम' म्हणजे नक्की कोणती लेन्स?

घरातून निघताना कॅमेऱ्याला लावली आणि परत येईपर्यंत काढावी लागली नाही, ती. समोरचा अख्खा वाडा मावेल इतकी रुंद आणि माणसाचा चेहरा नीट टिपता येईल इतकी लांब, एवढं तिने करायला हवं. शिवाय दोन-तीन तास गळ्यात वागवता आली पाहिजे. कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स याच जातीची असते. पुढचे सगळे प्रश्न तिच्यापेक्षा चांगली कुठली आणि कशासाठी, एवढ्याभोवतीच फिरतात.

२. माझ्या लेन्सवर १८-५५ आणि ३.५-५.६ असं लिहिलंय. याचा अर्थ काय?

१८-५५ ही मिलिमीटरमधली फोकल लेंथ. आकडा लहान तेवढं दृश्य रुंद, मोठा तेवढं लांबचं जवळ. ३.५-५.६ हे अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक जास्तीत जास्त किती उघडतं ते. इथे उलटा हिशेब आहे, आकडा लहान तेवढं भोक मोठं. हाच आकडा पुढे एफ/३.५ असा लिहिला आहे. तुमची लेन्स १८ ला ३.५ पर्यंत उघडते, पण ५५ ला नेली की ५.६ च्या पुढे उघडत नाही. काही लेन्सवर २.८ किंवा ४ असा एकच आकडा असतो. त्या झूमभर तेवढ्याच उघडतात.

३. मित्राची २४-१०५ आहे, माझी १८-१३५. मग माझीच जास्त रुंद ना?

नाही, कारण सेन्सरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, आकार वेगळा असणार. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. निकॉन, सोनी आणि फुजीच्या क्रॉप, म्हणजे त्याहून लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यांवर फोकल लेंथला १.५ ने गुणायचं, कॅननच्या क्रॉपवर १.६ ने आणि आणखी लहान सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यांवर २ ने. म्हणजे तुमची १८ ही फुल फ्रेमच्या हिशेबाने २७ ते २९ झाली, आणि मित्राची २४ तिच्यापेक्षा रुंद ठरली. लांबच्या टोकाला मात्र तुमची १३५ ही २०० च्या पुढे जाते. खाली मी क्रॉप कॅमेऱ्याचेच आकडे धरले आहेत, कारण विचारणाऱ्या बहुतेकांकडे तोच असतो. जिथे फुल फ्रेम आहे तिथे तसं लिहिलं आहे.

४. किट लेन्स बदलायची खरंच गरज आहे का?

हे तुमचे स्वतःचे फोटो सांगतील. आतापर्यंत काढलेले आणि आवडून ठेवलेले शे-दोनशे फोटो घ्या. प्रत्येक फाइलमध्ये तो किती फोकल लेंथला काढला, अ‍ॅपर्चर किती, आयएसओ (प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता; आकडा मोठा तेवढे फोटोत दाणे जास्त) किती, सगळं नोंदलेलं असतं. विंडोजवर फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्समध्ये दिसतं. लाइटरूमच्या मेटाडेटा फिल्टरमध्ये किंवा डिजीकॅम या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांची मोजणी एकदम होते.

निम्मे फोटो १८ लाच असतील तर तुम्ही भिंतीला पाठ टेकवून फोटो काढताय. तुम्हाला आणखी रुंद लेन्स हवी. बहुतेक ५५ ला असतील तर लांब हवी. फोटो सगळीकडे विखुरलेले असून घरातल्या, देवळातल्या, संध्याकाळच्या फोटोंचा आयएसओ ६४०० च्या घरात असेल तर मोठं अ‍ॅपर्चर हवं. आणि यातलं काहीच दिसत नसेल तर लेन्स घेऊ नका. भर उजेडात एफ/८ ला काढलेला साध्या १८-५५ चा आणि महागड्या लेन्सचा फोटो मोबाईलच्या पडद्यावर शेजारी ठेवले तर फरक सांगणं भल्याभल्यांना जमत नाही. ते पैसे खिद्रापूरच्या मंदिराच्या दोन फेऱ्यांना वापरा.

नवी लेन्स घेऊन वर्षभराने "सर, हिच्यातही तेच फोटो येतात" असं सांगणारे मला दर दोन-तीन महिन्यांनी भेटतात. म्हणून हा अर्ध्या तासाचा हिशेब आधी करा.

५. रुंद बाजू महत्त्वाची की लांब बाजू?

दुकानात सगळे लांबचा आकडा विचारतात. १३५ का २००, २०० का ३००? माझं मत उलट आहे. आपल्या शहरात रुंद टोकाचे दोन मिलिमीटर लांब टोकाच्या शंभरांपेक्षा जास्त कामाला येतात.

हिशेब बघा. शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या बोळात जुन्या घराच्या दारासमोर उभे राहिलात तर मागे सरकायला दहा फूट मिळाले तरी खूप. दहा फुटांवरून १८ मिलिमीटरला साधारण १३ फूट रुंदीचं दृश्य मावतं आणि १६ ला साधारण पावणेपंधरा फूट. या पावणेदोन फुटांत दाराशेजारचा कट्टा आणि त्यावर बसलेले आजोबा येतात. १८ ला एक तर कट्टा सुटतो, नाही तर दार. लांब टोक कमी पडलं तर चार पावलं पुढे जाता येतं किंवा फोटो कापून घेता येतो. रुंदी कमी पडली तर पाठीमागची भिंत काही सरकत नाही.

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातला स्वर्गमंडप हा याचा सगळ्यात चांगला दाखला. छताच्या मधोमध गोल मोकळं आकाश आहे आणि त्याला तोलून धरणारे बारा खांब वर्तुळात उभे आहेत. मधल्या शिळेजवळून वर कॅमेरा धरला की १८ ला गोल येतो पण खांब तुटतात. १६ ला खांबांचे माथे आत यायला लागतात.

हे पेठांच्या, घाटांच्या आणि देवळांच्या फोटोग्राफीबद्दल झालं. तुमचं फिरणं मुख्यतः दाजीपूरला किंवा कळंब्याच्या तळ्यावर असेल तर प्रश्न १५ पाहा.

६. मग १८-३०० सारखी एकच लेन्स घेऊन मोकळं का होऊ नये?

काही जणांसाठी हाच बरोबर निर्णय आहे. कुटुंबाबरोबर वर्षातून दोन सहली, लेन्स बदलायचा कंटाळा, फोटो बघायचे ते फोनवर, असं असेल तर खुशाल घ्या.

फक्त काय सोडताय ते माहीत असू द्या. इतकी मोठी रेंज एका नळीत बसवायची म्हणजे प्रत्येक ठिकाणी थोडी तडजोड करावी लागते. लांब टोकाला चित्र मऊ पडतं आणि अ‍ॅपर्चर ६.३ पर्यंत बारीक होतं, म्हणजे संध्याकाळी सहानंतर ३०० चा उपयोग जवळजवळ संपतो. जवळच्या वस्तूवर फोकस केला की यातल्या बहुतेक लेन्स लिहिलेल्या ३०० पेक्षा बऱ्याच कमी भरतात. वजनही सहाशे-सातशे ग्रॅमच्या घरात जातं.

यात्रेच्या गर्दीत आणि धुळीत लेन्स बदलायचीच नाही, हा मात्र त्यांचा खराखुरा फायदा आहे. जोतिबाला मी स्वतः अशीच लेन्स नेतो (प्रश्न ११).

७. एफ/२.८ ची छोटी रेंज घेऊ की एफ/५.६ ची मोठी?

तुम्ही छपराखाली किती वेळ असता, यावर हे ठरतं.

२.८ आणि ५.६ मध्ये दोन स्टॉपचं अंतर आहे, म्हणजे चौपट प्रकाशाचं. तालमीत भल्या पहाटे पोरं तांबड्या मातीत उतरलेली असतात, उजेड दोन ट्यूबलाइटचा. डाव गोठवायला सेकंदाचा पाचशेवा भाग तरी शटर हवं. २.८ ला हे आयएसओ ६४०० वर जमत असेल तर ५.६ ला तोच फोटो २५६०० मागतो. ६४०० चा फोटो छापता येतो. २५६०० ला मल्लाच्या अंगावरची माती आणि फोटोतले दाणे वेगळे ओळखू येत नाहीत.

गुऱ्हाळाचंही तसंच. हंगामात पहाटे गेलात तर चुलवाणाचा जाळ, काहिलीतून उठणारी वाफ आणि तिच्याआड उभा असलेला गुळव्या, एवढ्या उजेडात २.८ खूप हात देते. तिथे १३५ ची गरज मला कधीच पडली नाही, १७ ते ५० मध्ये सगळं मिळतं.

पण खासबागेच्या कुस्ती मैदानात गॅलरीत बसून कुस्ती बघताय, तर २.८ ची १७-५० घेऊन हौद्यातले मल्ल मुंगीएवढे येतात. कुस्ती तीच, पण तालमीत एक लेन्स लागते आणि मैदानात दुसरी. म्हणून "कुस्तीला कोणती?" असं न विचारता "कुठे उभा राहून?" असं विचारा.

उघड्यावरच फिरणं असेल, म्हणजे सकाळचा घाट, दुपारची मंडई, रंकाळ्याची संध्याकाळ, तर ५.६ ची मोठी रेंज खुशाल घ्या.

८. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असेल तर मग एफ/२.८ वर पैसे का घालायचे?

स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करतं, समोरचा माणूस नाही. खिद्रापूरच्या अंधाऱ्या सभामंडपातले खांब सेकंदाच्या दहाव्या भागालाही स्वच्छ येतील. दूध कट्ट्यावर धार काढणाऱ्या गवळ्याचे हात त्याच वेगात पुसट होतील. दगड, देऊळ, निसर्ग यासाठी स्टॅबिलायझेशन पुरतं. माणसांसाठी अ‍ॅपर्चर लागतं.

ते नसेल तेव्हाचा ठोकताळा असा: फुल फ्रेमच्या हिशेबाने जेवढे मिलिमीटर, सेकंदाचा तेवढावा भाग हे किमान शटर. क्रॉपवर ५० ला म्हणजे ऐंशीवा भाग धरा.

९. आता नेमकी नावं सांगा.

सोनीच्या ६००० मालिकेचा कॅमेरा असेल तर सिग्मा १८-५० एफ/२.८ ही माझी पहिली शिफारस. वजन जेमतेम २९० ग्रॅम, आणि रुंद टोकाला इतक्या जवळून फोकस होतो की मिसळीच्या वाटीतली कटाची तर्री भरून येते. तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही, आणि सोनी ए६४०० सारख्या कॅमेऱ्यातही नाही. ते हवं असेल तर टॅमरॉन १७-७० एफ/२.८ घ्या, पण तिचं वजन ५२५ ग्रॅम आहे आणि हाताला ते जाणवतं. उघड्यावर फिरणाऱ्यांना सोनीचीच १८-१३५ उत्तम.

फुजीवर १६-८० एफ/४ रेंजसाठी, आणि हलकं हवं असेल तर २०२४ मध्ये आलेली १६-५० एफ/२.८-४.८. दोन्ही १६ पासून सुरू होतात, त्यामुळे प्रश्न ५ मधली माझी तक्रार मिटते. जुनी १८-५५ एफ/२.८-४ वापरलेली चांगल्या स्थितीत मिळाली तर तीही सोडू नका.

कॅननच्या आर ५० किंवा आर १० वर आरएफ-एस १८-१५० ही हलकी आणि भरवशाची. वर सांगितलेली सिग्मा १८-५० आता कॅनन आरएफ माउंटमध्येही मिळते. निकॉनच्या झेड ५० किंवा झेड एफसीवर डीएक्स १८-१४०. या बॉडींमध्ये (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात) स्टॅबिलायझेशन नाही, या लेन्समध्ये आहे.

फुल फ्रेमवाल्यांसाठी निकॉन झेड २४-१२० एफ/४, कॅनन आरएफ २४-१०५ एफ/४ आणि सोनी २४-१०५ एफ/४ या तिन्ही डोळे झाकून घ्याव्यात अशा आहेत. पण पेठांत फिरणारा सोनीवाला असेल तर मी त्याला २०-७० एफ/४ घ्यायला सांगेन. २० मिलिमीटरला बोळ खुला होतो. मायक्रो फोर थर्ड्सवर ऑलिंपसची १२-१०० एफ/४ ही २४ ते २०० चं काम करते.

डीएसएलआरवाल्यांचं, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचं, उत्तर पुढच्या प्रश्नात.

१०. माझ्याकडे जुनी डीएसएलआर आहे. वापरलेली लेन्स घेतली तर बसेल का? घेताना काय तपासू?

आधी बसण्याचं बघू. कॅननची ईएफ-एस लेन्स कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही. निकॉनची डीएक्स लेन्स फुल फ्रेमवर बसते, पण चित्र कापून देते. निकॉनच्या ३००० आणि ५००० मालिकेत फोकसची मोटर नसते, म्हणून एएफ-डी प्रकारच्या जुन्या लेन्सवर फोकस हाताने करावा लागतो. आणि एएफ-पी लिहिलेली नवी लेन्स डी ९० किंवा डी ५१०० सारख्या बॉडीवर फोकसच करत नाही, हातानेसुद्धा नाही. यात खूप जण फसतात.

घेण्यासारख्या लेन्स: निकॉनला १६-८० एफ/२.८-४ किंवा १६-८५, कॅननला १५-८५ किंवा १७-५५ एफ/२.८, आणि दोन्हींसाठी सिग्मा १७-५० एफ/२.८. निकॉनची १६-८० नव्या पद्धतीच्या अ‍ॅपर्चरची असल्याने जुन्या बॉडीवर घेण्याआधी लावून बघा.

तपासायला स्वतःचा कॅमेरा आणि एक टॉर्च घेऊन जा. लेन्सच्या मागून टॉर्च मारून पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, परत द्या. धुळीचे चार कण चालतात. लेन्स खाली तोंड करून धरा. नळी आपोआप घसरत असेल तर झूम सैल झालं आहे. मग भिंतीला वर्तमानपत्र चिकटवून समोरून सरळ फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. हे न करता मी एकदा एक लेन्स घेतली होती. उजवा खालचा कोपरा कायम धूसर, आणि ते घरी आल्यावर कळलं. दुकानदाराने परत घेतली नाही.

११. जोतिबाच्या यात्रेत गुलालापासून लेन्स कशी वाचवू?

चैत्र यात्रेत सासनकाठ्या नाचायला लागल्या की गुलाल-खोबऱ्याची उधळण सुरू होते आणि हवाच गुलाबी होते. झूम करताना जी लेन्स लांब होते, ती पंपासारखी बाहेरची हवा आत ओढते, आणि त्या हवेबरोबर गुलालही. आत गेलेला गुलाल काढायला लेन्स उघडावी लागते.

म्हणून डोंगरावर जाण्याआधी घरीच लेन्स लावा आणि दिवसभर काढू नका. पुढे यूव्ही फिल्टर आणि हूड. एक पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी घ्या, तळाला भोक पाडून ते फिल्टरच्या कडेला रबरबँडने घट्ट बसवा, दुसरं तोंड मनगटाकडे. झूमची रिंग पिशवीवरूनच फिरवायची. उधळण ऐन भरात असताना झूम एका जागी ठेवा, साधारण २४-३५ च्या दरम्यान, आणि पायांनी पुढे-मागे व्हा.

घरी आल्यावर पुसू नका. ओला झाला की गुलाल रंग सोडतो आणि रिंगच्या रबरात कायमचा बसतो. आधी पिशवीसकट बाहेरचा गुलाल झटका, मग ब्लोअरने हवा मारा, मग कोरडा मऊ ब्रश, आणि हे सगळं झाल्यावरच फिल्टर काढा. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचे कण उडतात.

गणपती मिरवणुकीलाही हेच.

१२. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते. कपाटात ठेवली तरी!

कपाटात ठेवली म्हणूनच लागते. बुरशीला ओल, अंधार आणि कोंडलेली हवा हवी असते, आणि जून ते सप्टेंबर आपल्या घरातल्या बंद कपाटात तिन्ही मिळतात. चामड्याचं किंवा कापडी कव्हर ओल धरून ठेवतं, त्यामुळे ते आणखी वाईट. माझी पहिली लेन्स मी जपून, कव्हरमध्ये, कपड्यांखाली ठेवली होती. गणपतीत बाहेर काढली तर आतल्या काचेवर जाळं पसरलेलं. बुरशी काचेवरचा लेप खाते, त्यामुळे साफ केली तरी डाग राहतो.

झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा घ्या. त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर ठेवा. मीटर ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. फार कोरडंही नको, आतलं वंगण आणि रबर सुकतं. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, म्हणून नारिंगी घ्या आणि तापवायला स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवू नका, पिठी आत जाते.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पावसाळ्यातही आठवड्याला एकदा तरी लेन्स बाहेर काढून वापरणं. तीन-चार लेन्स असतील तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट परवडतं.

१३. पन्हाळ्यावर गाडीतून उतरलो की लेन्सवर बाफ येते. बिघडली का?

नाही. एसीत थंड झालेल्या काचेवर बाहेरची दमट हवा लागली की पाणी धरतं. घाट चढायच्या आधीच एसी बंद करा, किंवा पोहोचल्यावर बॅग न उघडता पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा. बाफ आलेली असताना झूम फिरवू नका, लेन्स काढू नका. धुक्यात 'वेदर सील्ड', म्हणजे पाणी-धूळ सहज आत न शिरणाऱ्या, लेन्सचा उपयोग होतो, पण बॉडीही सील्ड असेल तरच. गगनबावड्याच्या पावसात ती पिशवीतच (प्रश्न ११ मधली चालते).

१४. वाड्याच्या भिंती आणि देवळाचे खांब वाकडे येतात. लेन्स खराब आहे का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खांब मधून फुगल्यासारखे, पिंपासारखे दिसत असतील तर ते रुंद टोकाचं डिस्टॉर्शन. ते जवळपास प्रत्येक झूममध्ये असतं आणि कॅमेऱ्यातल्या किंवा लाइटरूममधल्या लेन्स प्रोफाइलने एका टिचकीत जातं. न्यू पॅलेसचा मनोरा मागे कलल्यासारखा दिसत असेल तर त्यात लेन्सचा दोष नाही, तुम्ही कॅमेरा वर तिरपा धरला आहे. मागे सरका, कॅमेरा सरळ धरा, आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापा.

१५. रंकाळ्यावरचे पक्षी आणि राधानगरीचे गवे याच लेन्सने येतील का?

गवा रस्त्याकडेला उभा असेल तर १३५ ला येईल. पक्षी नाही. पक्ष्यांसाठी क्रॉपवरही ३०० ही सुरुवात आहे, आणि ते काम ऑल-पर्पज लेन्सवर लादू नये. रोजच्यासाठी छोटी हलकी झूम, आणि पक्ष्यांसाठी वेगळी ७०-३०० किंवा त्याहून मोठी. एकाच लेन्सवर अडून बसायचं असेल तर प्रश्न ६.

१६. महापुराचं पाणी घरात आलं तेव्हा लेन्स बुडाली होती. वाचेल का?

२०१९ आणि २०२१ नंतर हा प्रश्न अनेकांनी पाठवला. कॅमेऱ्याला लावून चालू करून बघू नका, बॉडीही जाईल. झूम फिरवू नका, आतला गाळ काचेवर घासतो. उन्हात किंवा हेअर ड्रायरने तापवू नका. बाहेरून स्वच्छ पुसून, उभी ठेवून, शक्य तितक्या लवकर दुरुस्तीवाल्याकडे द्या. पण किट लेन्स असेल तर दुरुस्तीचा खर्च बहुधा नव्या लेन्सपेक्षा जास्त येतो. घरावर विमा असेल तर पुसण्याआधी ती जशी सापडली तसा फोटो काढून ठेवा.